ऑटोइम्यून आजारासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट : निर्णयापासून लसीकरणापर्यंत

धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं कळून चार वर्षं झाली होती. दोन औषधं बदलून झाली, तरी प्रत्येक एमआरआयमध्ये नवे डाग दिसतच होते. एका तपासणीत न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, “आता ट्रान्सप्लांटचा विचार करायला हरकत नाही.” त्या वाक्यानंतर ते जे बोलले त्यातलं मला काहीच आठवत नाही. ट्रान्सप्लांट म्हटल्यावर डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर आलं, दाता कुठून आणायचा हा प्रश्न आला, आणि हा तर कॅन्सरचा उपचार, मग हिला काय झालंय, ही भीतीही.

यातलं काहीच खरं नव्हतं. ऑपरेशन नव्हतं, दाता नव्हता, कॅन्सरही नव्हता. हे सगळं उमजायला आम्हाला काही महिने लागले. ज्यांच्या घरी हा शब्द नुकताच पोहोचलाय त्यांना तेवढे महिने लागू नयेत, म्हणून हे क्रमवार लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. आपल्या रुग्णाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं हे माहीत असलं की बराच फरक पडतो.

आधी हे समजून घ्या : यात औषध कुठलं?

ऑटोइम्यून आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ती नसांवरच्या वेष्टनावर हल्ला करते, स्क्लेरोडर्मात त्वचा, फुप्फुसं आणि रक्तवाहिन्यांवर, क्रोन्समध्ये आतड्यावर. नेहमीची औषधं या पेशींना दाबून किंवा अडवून ठेवतात. ट्रान्सप्लांटमध्ये त्या पेशी जवळजवळ मुळासकट काढून टाकायचा प्रयत्न असतो.

आता क्रम नीट पाहा. रुग्णाच्याच रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल्स, आधी गोळा करतात आणि गोठवून ठेवतात. मग जोरदार केमो आणि सोबत प्रतिकारपेशी मारणारं एक औषध देतात. त्यानं बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसली जाते. पण त्याबरोबर मॅरोही, म्हणजे हाडांतली रक्त तयार करणारी मज्जाही, थकतो, रक्तपेशी बनणं बंद पडतं. ते लवकर सुरू व्हावं म्हणून राखून ठेवलेल्या पेशी परत देतात. थोडक्यात, आजारावरचं औषध म्हणजे केमो. पिशवीतून परत येणाऱ्या पेशी फक्त त्या केमोतून सावरण्यासाठी असतात. तणानं भरलेलं शेत पार नांगरून काढायचं आणि आधीच राखून ठेवलेलं बियाणं पेरायचं, तसं.

हा एक मुद्दा पक्का झाला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. धोका कशाचा? केमोचा, आणि प्रतिकारशक्तीविना काढलेल्या दिवसांचा. नव्या पेशी मेंदूतली किंवा मणक्यातली जुनी जखम भरून काढतील का? नाही, त्या रक्ताच्या पेशी आहेत. आणि बियाणं आपलंच असल्यामुळे आजाराकडे असलेला जन्मजात कल तसाच राहतो, म्हणून काही जणांत आजार पुन्हा डोकं वर काढतो.

मग फायदा नेमका कशानं होतो? जुन्या, चुकीचं शिकलेल्या पेशी गेल्यावर छातीतल्या थायमस ग्रंथीतून कोऱ्या टी पेशी (प्रतिकारपेशींचा एक प्रकार) नव्यानं बाहेर पडतात. ट्रान्सप्लांटनंतर वर्ष-दोन वर्षांनी रुग्णांच्या रक्तात त्या वाढलेल्या सापडल्या आहेत. प्रतिकारशक्ती पुन्हा पहिलीपासून शिकते, आणि या वेळी आपलं शरीर ओळखायला शिकेल अशी आशा असते.

नावाबद्दल थोडं. ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ हे जुनं नाव तोंडात बसलंय. हाडातून मॅरो काढण्याची वेळ आता क्वचितच येते, पेशी रक्तातूनच गोळा करतात. फाइलवर ‘ऑटोलोगस’ असं दिसलं तर पेशी स्वतःच्या, ‘ॲलोजेनिक’ असेल तर दुसऱ्याच्या. ऑटोइम्यून आजारांत जवळजवळ नेहमी ऑटोलोगसच करतात, कारण दुसऱ्याच्या पेशी आपल्या शरीरावर उलटू शकतात आणि एका दुखण्याच्या जागी दुसरं यायचं. काही जन्मजात जनुकीय आजार असलेली लहान मुलं हा अपवाद. पुढे मी फक्त ऑटोलोगसबद्दल लिहिते आहे.

ही कल्पना काल-परवाची नाही. कॅन्सरसाठी मॅरो ट्रान्सप्लांट रुळवणारे डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. ल्युकेमियासाठी ट्रान्सप्लांट झालेल्या काही रुग्णांचा आधीपासूनचा संधिवात किंवा सोरायसिसही शांत झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, उंदरांवरच्या प्रयोगांतही तसंच दिसलं. १९९५ च्या सुमारास ग्रीसमधल्या थेसालोनिकी इथे अथानासिओस फासास यांच्या गटानं मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर हे करून पाहिलं. तेव्हापासून जगभरात हजारो ऑटोइम्यून रुग्णांवर हा उपचार झालाय.

पहिली पायरी : आपला आजार यात बसतो का?

स्वतःला एक प्रश्न विचारा आणि डॉक्टरांनाही विचारा. आग अजून पेटलेली आहे, की जळून गेल्यावरची राख उरली आहे? हा उपचार आग विझवतो, राखेतून घर उभं करत नाही. नवे झटके येतायत, एमआरआयवर नवे डाग किंवा चमकणारे डाग दिसतायत, त्वचा भराभर कडक होतेय, म्हणजे आग आहे. दहा वर्षांपासून व्हीलचेअरवर, नवा झटका नाही, स्कॅनमध्ये हालचाल नाही, पण हळूहळू खालावत चाललंय, अशा रुग्णाला यातून मिळण्यासारखं फार कमी असतं आणि धोका मात्र पूर्ण असतो. हे ऐकायला कठोर आहे. पण ज्यांनी उशिरा करून घेतलं त्यांची निराशा मी वॉर्डात पाहिली आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये पुरावा सगळ्यात भक्कम आहे, तोही झटके येत-जात राहणाऱ्या प्रकारात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिस्ट’ या चाचणीत ११० रुग्ण होते. ट्रान्सप्लांट झालेल्या गटात ३ जणांचा आजार पुढे सरकला, औषधांच्या गटात ३४ जणांचा. एकही मृत्यू झाला नाही. मात्र ज्या औषधांशी तुलना झाली त्यांत आजची काही सगळ्यात जोरकस औषधं नव्हती, हे लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना विचारा की आपण ती वापरून पाहिली आहेत का. तरुण वय, आजार होऊन फार वर्षं न झालेली, रुग्ण अजून चालता-फिरता आणि चांगली औषधं घेऊनही आजार धगधगता, अशांना सगळ्यात जास्त फायदा होतो.

स्क्लेरोडर्माचा हिशेब वेगळा आहे. तिथे आजारच जीवघेणा असू शकतो, त्यामुळे जास्त धोका पत्करला जातो. युरोपातल्या ‘ॲस्टिस’ चाचणीत १५६ रुग्ण होते. ट्रान्सप्लांटच्या गटातले ७९ पैकी ८ जण पहिल्या वर्षात उपचारामुळेच दगावले. तरीही पुढच्या वर्षांत हाच गट जास्त जगला. अमेरिकेतल्या ‘स्कॉट’ चाचणीत ७५ रुग्ण होते, २०१८ साली निकाल आला, तोही ट्रान्सप्लांटच्या बाजूनं. यातून शिकलेली मोठी गोष्ट म्हणजे हृदयाची तपासणी. स्क्लेरोडर्मा हृदयात शिरलेला असला तर केमो झेपत नाही, आणि साध्या इकोवर ते नजरेतून सुटू शकतं.

क्रोन्समध्ये चित्र धूसर आहे. २०१५ साली आलेल्या ‘ॲस्टिक’ चाचणीत ४५ रुग्ण होते आणि ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही, काहींना फायदा झाला तरी. टाइप १ डायबेटिसमध्ये ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २००७ साली नुकतंच निदान झालेल्या १५ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यातले बहुतेक जण काही काळ इन्शुलिनशिवाय राहिले, पण पुढे बऱ्याच जणांना ते पुन्हा सुरू करावं लागलं. आज डायबेटिससाठी हा नेहमीचा उपचार नाही, कुणी तसा विकत असेल तर सावध व्हा. ल्युपस, तसंच सीआयडीपी आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हे मज्जासंस्थेचे आजार, यांत निवडक रुग्णांवर, अनुभवी केंद्रांत केला जातो. संधिवातात बायोलॉजिक औषधं आल्यापासून मोठ्यांना याची गरज क्वचितच पडते.

ल्युपस किंवा स्क्लेरोडर्माच्या रुग्णांनी डॉक्टरांना कार-टी उपचाराबद्दलही विचारावं. त्यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. जर्मनीतल्या एर्लांगनमध्ये २०२१ साली एका ल्युपसच्या तरुणीवरचा त्याचा अनुभव प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून चाचण्यांची रांग लागली आहे. तो वेगळा उपचार आहे, पण ट्रान्सप्लांटचा विचार करताना एखाद्या चाचणीत जागा आहे का हे विचारण्यात काही जात नाही.

दुसरी पायरी : केंद्र निवडताना

दोन डॉक्टर हवेत, आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं हवं. एक आपल्या आजाराचा, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट किंवा ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. दुसरा ट्रान्सप्लांट करणारा हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ. यातला एकच जण सगळं ठरवत असेल तर दुसऱ्याचं मत मागून घ्या.

आम्ही एका वहीत प्रश्न लिहून नेले होते. तुमच्याकडे दरवर्षी किती ट्रान्सप्लांट होतात? त्यात ऑटोइम्यूनचे किती, आणि या आजाराचे किती? त्यातले किती रुग्ण पहिल्या १०० दिवसांत दगावले? कुठली केमो देणार आणि तीच का? दोन वर्षांनी काही झालं तर आम्ही कुणाला फोन करायचा? शेवटच्या प्रश्नावर जो डॉक्टर थांबून विचार करतो तो मला आवडला. केंद्राला स्वतंत्र मान्यता आहे का हेही विचारा. युरोपात ‘जॅसी’ आणि अमेरिकेत ‘फॅक्ट’ ही त्यासाठीची मान्यता असते. रुग्णांची माहिती युरोपियन सोसायटी फॉर ब्लड अँड मॅरो ट्रान्सप्लांटेशनच्या नोंदवहीत किंवा तशाच एखाद्या नोंदवहीत पाठवली जाते का, हे विचारलं की केंद्र किती गंभीर आहे ते कळतं.

आणि फसवणुकीबद्दल. ‘स्टेम सेल थेरपी’ या नावाखाली चरबीतून, नाळेतून किंवा आणखी कशातून काढलेल्या पेशींचं इंजेक्शन देणारी दुकानं जगभर आहेत. केमो नाही, ॲडमिशन नाही, दोन दिवसांत घरी, आणि डायबेटिसपासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर तेच इंजेक्शन. इंटरनॅशनल सोसायटी फॉर स्टेम सेल रिसर्च ही शास्त्रज्ञांची संघटना अशा सिद्ध न झालेल्या उपचारांबद्दल वर्षानुवर्षं इशारे देत आली आहे. या लेखातल्या उपचाराशी त्याचा काहीही संबंध नाही. ओळखायची सोपी खूण मघाचीच, औषध म्हणजे केमो. जिथे केमोचा, एकांत खोलीचा आणि हिमॅटॉलॉजिस्टचा उल्लेखच नाही, तिथे हा उपचार होत नाही.

तिसरी पायरी : तपासण्या आणि आधी उरकायची कामं

हृदयाचा इको, ईसीजी, फुप्फुसांची क्षमता, मूत्रपिंड, यकृत. स्क्लेरोडर्मा असेल तर हृदयाचा एमआरआय आणि उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नळी नेऊन केलेली तपासणी. ते टाळू नका. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, टीबी, सीएमव्ही आणि ईबीव्ही हे विषाणू, कांजिण्या यांच्या चाचण्या, कारण शरीरात दडून बसलेला जंतू प्रतिकारशक्ती गेल्यावर उठतो. दात तपासून घ्या. किडलेला एक दात काउंट, म्हणजे रक्तपेशींचा आकडा, पडल्यावर रक्तात जंतू सोडू शकतो, आणि तेव्हा तो काढताही येत नाही.

चालू औषधं कधी थांबवायची याचं वेळापत्रक लेखी घ्या. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही औषधांचा परिणाम महिनोन् महिने टिकतो. नॅटालिझुमॅब घेत असलेल्यांच्या बाबतीत मेंदूतल्या जेसी विषाणूचा संसर्ग नाही ना याची खात्री केल्याशिवाय पुढे जात नाहीत. उलट औषध थांबवून फार दिवस गेले तर मधल्या काळात झटका येऊ शकतो. ही तारीख दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायची असते.

आता ज्यावर मला मनापासून बोलायचंय ते. पहिल्या केंद्रात बहिणीची संमतीपत्रं आली. पंधरा पानं. नवव्या पानावर दुष्परिणामांच्या यादीत, केस गळणे आणि उलट्या यांच्यामध्ये, ‘वंध्यत्व’ एवढा एकच शब्द होता. कुणी तो वाचून दाखवला नाही, बीजांडं गोठवता येतात हे कुणी सांगितलं नाही. ती सही करत होती, मी तो शब्द वाचला आणि तिचा हात धरला. तिला मूल हवंय की नको हे तिचं तिनं ठरवायचं होतं, पण ते ठरवायची संधी तरी हवी ना? बीजांडं काढायला हार्मोनच्या इंजेक्शनांचे साधारण दोन आठवडे लागतात, पुरुषांचं वीर्य त्याहून लवकर साठवता येतं. सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधानं बीजकोश कायमचे थकू शकतात, वय जितकं जास्त तितका धोका जास्त. काही जणींना नंतर मूल झालंही आहे, पण त्या भरवशावर राहू नये. तुमच्या डॉक्टरांनी हा विषय काढला नाही तर पहिल्याच भेटीत तुम्ही काढा. पेशी गोळा करण्याच्या तयारीतच केमोचा पहिला डोस जातो, त्यामुळे नंतर वेळ उरत नाही.

घरातलं कुणीतरी एक माणूस पूर्णवेळ लागेल, साधारण तीन महिने. हे आधी ठरवा. आणि त्या माणसालाही अधूनमधून बदली माणूस हवा.

चौथी पायरी : पेशी गोळा करणं

स्टेम सेल्स एरवी मॅरोमध्ये दडलेल्या असतात. त्यांना रक्तात आणायला दोन गोष्टी देतात, सायक्लोफॉस्फमाइड या केमोचा एक डोस आणि मग रोज मॅरोला पेशी वाढवायला लावणाऱ्या जी-सीएसएफची इंजेक्शनं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये नुसतं जी-सीएसएफ दिलं तर आजार भडकू शकतो असं अनुभवाला आलंय, म्हणून सोबत केमो किंवा स्टिरॉइड असतं. इंजेक्शनांच्या चौथ्या-पाचव्या दिवशी हाडं ठणकायला लागतात, कंबर आणि छातीचं हाड जास्त. मॅरो भरून आल्याची ती खूण आहे. वेदनाशामक मागून घ्या, सोसत बसू नका.

केमोच्या डोसानंतर साधारण दहा दिवसांनी पेशी गोळा करतात. एका नळीतून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी वेगळ्या होतात, बाकीचं रक्त दुसऱ्या नळीतून परत. चार-पाच तास लागतात. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये सायट्रेट असतं, त्यानं कॅल्शियम उतरतं आणि ओठांना, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या की लगेच नर्सना सांगा, कॅल्शियम देतात आणि थांबतं. संध्याकाळी आकडा कळतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान २० लाख सीडी३४ पेशी, म्हणजे त्या खुणेवरून मोजलेल्या स्टेम सेल्स, हव्यात. एका दिवसात भरलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पेशी द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवतात आणि रुग्ण काही आठवड्यांसाठी घरी जातो.

याच सुट्टीत, पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी, केस जातात. बहिणीनं आधीच बारीक कापून घेतले होते. तरी उशीवर सकाळी केस दिसले तेव्हा ती गप्प बसली होती. मी उशीचा अभ्रा बदलला, बोलले काहीच नाही.

पाचवी पायरी : केमो आणि डे झिरो

वॉर्डात दिवस उलटे मोजतात. पेशी परत देण्याचा दिवस म्हणजे डे झिरो, त्याआधीचे उणे पाच, उणे चार. सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, मानेत किंवा छातीत बसवतात. ऑटोइम्यूनसाठी सगळ्यात रुळलेली एक पद्धत म्हणजे चार दिवसांत वजनाच्या किलोमागे एकूण २०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड आणि सोबत एटीजी. दुसरी ‘बीम’ नावाची, चार औषधांची. जितकी केमो जोरकस तितका आजार खोलवर पुसला जातो आणि तितकाच धोका वाढतो, हा तराजू आहे.

सायक्लोफॉस्फमाइडनं मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला इजा होऊन रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मेस्ना आणि भरपूर सलाइन देतात आणि रात्रीसुद्धा दर तासा-दोन तासांनी लघवीला जावं लागतं. ज्यांची चाल अस्थिर आहे त्यांनी बेडपॅन किंवा कमोडखुर्ची बेशक मागावी, या दिवसांत पडणं परवडत नाही. एटीजी हे प्रतिकारपेशी मारणारं औषध. त्यानं थंडी वाजून ताप येतो, कधी रक्तदाब उतरतो, अंगावर पुरळ येतं. पहिला डोस सगळ्यात त्रासदायक असतो, म्हणून आधी स्टिरॉइड देऊन सावकाश सोडतात.

आणि मग डे झिरो. आम्ही सकाळपासून तयार होतो. दुपारी एक टेक्निशियन धूर निघणारा स्टीलचा डबा घेऊन आला. त्यातून हाताच्या तळव्याएवढी, बर्फ धरलेली पिशवी काढली, कोमट पाण्यात फिरवून वितळवली, दोघांनी नाव आणि नंबर मोठ्यानं वाचून पडताळलं आणि लाइनला जोडली. वीस मिनिटांत संपलं. बहीण म्हणाली, “एवढंच?” पेशी गोठवताना त्यांना इजा होऊ नये म्हणून त्यांत डीएमएसओ हे रसायन घालतात, ते श्वासावाटे बाहेर पडतं. खोलीत उकडलेल्या मक्यासारखा, थोडा लसणीसारखा वास दोन दिवस राहिला. तिला तो येत नव्हता, आम्हालाच येत होता. मळमळ होते, घसा खवखवतो, लघवी लालसर होऊ शकते. माहीत असलं की घाबरायला होत नाही.

सहावी पायरी : काउंटचे दिवस

पेशी गेल्या म्हणजे बरं झालं, असं नाही. खरे कठीण दिवस आता. पांढऱ्या पेशी शून्याजवळ जातात. भिंतीवरच्या फळ्यावर रोज सकाळी तीन आकडे लिहिले जायचे, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिलच्या रकान्यात सहा दिवस ०.० होतं. ते ०.५, म्हणजे ५००, च्या वर जाऊन तीन दिवस टिकलं की पेशी रुजल्या असं धरतात. साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी हे होतं.

या दिवसांत ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजे धावपळ. रक्ताचे नमुने घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. बहुतेकांना एकदा तरी ताप येतोच. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनी एक गोष्ट आधीच ऐकून ठेवावी. अंग तापलं की जुनी लक्षणं परत येतात. बहिणीचा डावा पाय तापात उचलेना, डोळ्यापुढे धूसर झालं, आणि ती रडायला लागली की सगळं वाया गेलं. रात्रपाळीच्या नर्सनी शांतपणे सांगितलं की नवा झटका नाही, जुन्या जखमी नसा तापात संदेश वाहून नेणं बंद करतात. ताप उतरला आणि पाय उचलला गेला. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती.

बाकीची शिस्त सोपी आणि कंटाळवाणी. आत येणाऱ्या प्रत्येकानं हात धुवायचे, डॉक्टरांनीही. मऊ ब्रश, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. नीट शिजवलेलं, ताजं अन्न. फुलं आणि कुंड्या खोलीत नकोत, मातीतून बुरशी येते. रक्त किंवा प्लेटलेट्स चढवाव्या लागतात, त्या विकिरण दिलेल्या असाव्या लागतात. आणि उठून बसणं, खोलीतल्या खोलीत चालणं. आठ दिवस पडून राहिलं तर स्नायू गळतात आणि मग दोष ट्रान्सप्लांटला जातो.

जीवाच्या धोक्याबद्दल घरात कुजबुजत बोलण्यापेक्षा उघड बोललेलं बरं. सुरुवातीच्या वर्षांत मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही शंभरात काही जण जात होते. रुग्णांची निवड सुधारली, केमो बेतली गेली, आणि आता अनुभवी केंद्रांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलंय. स्क्लेरोडर्मात ते अजून बरंच जास्त आहे.

सातवी पायरी : घरी आल्यावर

काउंट आले म्हणजे प्रतिकारशक्ती आली, हा गैरसमज बहुतेक घरांत होतो. न्यूट्रोफिल दोन आठवड्यांत येतात, टी पेशी पूर्ववत व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. म्हणून संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक आणि ॲसायक्लोव्हिर हे विषाणूंवरचं औषध महिनोन् महिने चालतात. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका. ॲसायक्लोव्हिर सुटलं की नागीण उठणारे रुग्ण बरेच असतात. सुरुवातीला सीएमव्ही आणि ईबीव्हीसाठी रक्त नियमित तपासतात. थर्मामीटर उशाशी, आणि रात्री दोन वाजता ताप आला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा तो कागद फ्रिजवर.

थकवा फार असतो. तीन महिने तरी कामाचं नाव काढू नका, अनेकांना सहा लागतात. आपल्या आजाराचा पहिला एमआरआय साधारण सहा महिन्यांनी काढून तोच नवा पाया धरतात. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये मेंदूचा आकार थोडा घटलेला दिसू शकतो. सूज उतरल्याचा आणि केमोचा तो परिणाम असतो, पुढे ती घट मंदावते. रिपोर्ट हातात पडल्यावर हे आठवा.

लांब पल्ल्याच्या गोष्टी मागे पडतात म्हणून इथे लिहून ठेवते. थायरॉइड वर्षातून एकदा तपासा, कारण ट्रान्सप्लांटनंतर काही जणांत दुसराच ऑटोइम्यून आजार निघतो आणि त्यात थायरॉइड पुढे असतो. अंगावर विनाकारण निळे-काळे डाग दिसले तर प्लेटलेट्स तपासा. पाळी बंद झाली असेल तर हार्मोन आणि हाडांच्या घनतेबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, ‘केमोनं असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. केमोमुळे पुढे रक्ताच्या आजाराचा थोडासा धोका राहतो, म्हणून वर्षातून एकदा रक्ताची पूर्ण तपासणी कायमची.

लसींचं मात्र सगळं पहिल्यापासून. लहानपणी घेतलेल्या लसींची आठवण पुष्कळ अंशी पुसली गेलेली असते. सहा महिने ते वर्ष या काळात न्यूमोकोकस, डिफ्थीरिया, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिपॅटायटिस बी यांच्या मृत लसींपासून सुरुवात होते. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लसी किमान दोन वर्षं गेल्यावरच, तेही डॉक्टरांनी रक्त पाहून परवानगी दिल्यावर. तोवर घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यायची. बहिणीचं लसीकरणाचं कार्ड ट्रान्सप्लांट केंद्रानंच बनवून दिलं. वर तिचं नाव, खाली चौतीस वर्षांच्या बाईसाठी तान्ह्या बाळाचं वेळापत्रक. अजून दोन लसी बाकी आहेत, पुढची गोवरची.